समुद्र मागे सरतो तेव्हा

लंडनच्या फेनचर्च स्ट्रीट स्टेशनातून पूर्वेकडे निघालेली गाडी तासाभरात थेम्सच्या मुखाशी येऊन पोचते. बेनफ्लीट गेलं की उजव्या हाताला पाणी दिसेल म्हणून मी खिडकीला डोळे लावून बसले होते. दिसला तो चिखल. करडा, चकाकणारा, नजर पोचेल तिथवर पसरलेला, आणि त्यात कुशीवर कलंडलेल्या होड्याच होड्या. रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेल्या बाईला ओहोटीचं काय नवल? पण समुद्राने दीड किलोमीटरहून जास्त मागे सरायचं, आणि तेही दिवसातून दोनदा, हे समोर दिसत असूनही खरं वाटेना.

उत्तर समुद्राचं पाणी इथे नरसाळ्यासारख्या निमुळत्या मुखात शिरतं. उधाणाच्या दिवसांत ते पाच मीटरहून अधिक चढतं-उतरतं. मोठ्या उधाणाला जवळजवळ एवढी भरती-ओहोटी आपल्या मुंबईलाही असते. इथला तळ मात्र इतका सपाट आहे की पाणी जरा उतरलं की मैलभर जमीन उघडी पडते.

या चिखलामुळेच इथल्या साउथएंड शहराचा प्रसिद्ध धक्का उभा राहिला. लंडनची माणसं आगबोटीने इथे हवा खायला येत, पण ओहोटीला बोट किनाऱ्याला लागायची नाही. मग १८३० साली लाकडी धक्का बांधला, आणि तो वाढवत वाढवत खोल पाण्यापर्यंत नेला. १८८९ मध्ये त्याच्या जागी लोखंडी धक्का आला. आज त्याची लांबी २.१६ किलोमीटर आहे. सहल-मौजेसाठीचा इतका लांब धक्का जगात दुसरा नाही. त्याच्यावरून चिमुकली आगगाडी धावते. मी चालत गेले. अर्ध्या वाटेपर्यंत पायांखालच्या फळ्यांच्या फटींतून नुसता चिखलच दिसत होता.

पण मन रमलं ते ली-ऑन-सी या गावात. रेल्वेच्या रुळांनी गावाचे दोन भाग केले आहेत. टेकडीवर दुकानं, शाळा, बंगले. रुळांच्या पलीकडे, पाण्याला चिकटून, जुनी ली. फरसबंदी असलेली एकच अरुंद गल्ली, दोन-चार पब, आणि पश्चिमेच्या टोकाला कॉकलच्या शेडची रांग. कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्या नात्यातली, गोलसर, अंगावर उभ्या रेघा असलेली शिंपली. पूर्वी होडी भरतीबरोबर वाळूच्या पट्ट्यावर न्यायची, पाणी ओसरलं की ती तिथेच बसायची, आणि माणसं खाली उतरून दाताळ्याने वाळू खरवडायची. भरलेल्या टोपल्या खांद्यावरच्या कावडीने होडीपर्यंत वाहून आणायच्या. पाणी परत चढायच्या आत सगळं आटपायचं. आमच्याकडे खाडीत हे काम बायकांचं. कमरेएवढ्या पाण्यात वाकून त्या तिसऱ्या काढतात. इथे ते पिढ्यान् पिढ्या पुरुषांनी केलं, आणि त्या कावडीने त्यांच्या खांद्यांचं काय केलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आता होड्यांवर पंप आहेत. पाण्याच्या जोराने वाळू सैल करून शिंपल्या वर ओढून घेतात. पण परवाना ठरावीक, हंगाम ठरावीक, किती काढायच्या तेही ठरलेलं. लहान शिंपली चाळणीतून पुन्हा समुद्रात जाते. हे बंधन मला फार मोलाचं वाटलं, कारण जिथे ते नव्हतं अशा खाड्या मी रिकाम्या होताना पाहिल्या आहेत. किनाऱ्यावर आल्यावर शिंपल्या वाफेवर शिजवतात, त्यांचा गर वेगळा होतो, आणि उरलेल्या टरफलांचे ढीग वाढत जातात. शेडच्या बाहेर छोट्या वाटीत व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड घालून कॉकल विकतात. मी उभ्यानेच खाल्ले. चव खारट, किंचित गोडसर. मालवणी वाटणाची आठवण आलीच.

शेजारच्या बाकांवर लंडनहून आलेली कुटुंबं पाय पसरून बसली होती, मुलं खेकडे पकडायला दोऱ्या सोडत होती, आणि रबरी बूट घातलेली माणसं त्यांच्या मधून टोपल्या नेत होती. कुणालाच कुणाची अडचण नव्हती. कामाचा वास आणि सुट्टीचा वास एकाच गल्लीत असणं मला मनापासून आवडलं. समुद्राची नुसती शोभा करून ठेवलेल्या किनाऱ्यावर मन लागत नाही माझं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, याच गावच्या सहा कॉकल-होड्या डंकर्कच्या किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांना सोडवायला गेल्या. उथळ पाण्यासाठी, वाळूवर बसण्यासाठी बांधलेल्या असल्याने मोठी जहाजं पोचत नव्हती तिथे त्या जाऊ शकल्या, आणि ते सैनिक त्यांनी मोठ्या जहाजांवर नेऊन सोडले. परतताना ‘रिनाउन’ सुरुंगावर आदळली. तिच्यावरचे चौघेही गेले. ‘एन्डेव्हर’ मात्र डागडुजी करून लीमध्ये आजही जपली आहे. तिच्यापुढे उभी राहिले तेव्हा ती इतकी लहान वाटली की गळा दाटून आला.

याच किनाऱ्यावरच्या थॉर्प बेच्या समोर त्याच युद्धातला काँक्रीटचा एक प्रचंड ठोकळा चिखलात रुतला आहे. नॉर्मंडीसाठी बांधलेल्या तरंगत्या बंदराचा हा भाग १९४४ मध्ये ओढून नेताना गळू लागला, म्हणून इथे आणला आणि वाळूच्या दांड्यावर दुभंगला. ओहोटीला लोक तिथवर चालत जातात. भरती मात्र सरळ समोरून येत नाही. आधी चिखलातल्या ओहळांत शिरते आणि माणसाच्या मागची वाट बुडवते. त्या चिखलात ना होडी चालते, ना पाय निघतो. म्हणून साउथएंडच्या जीवरक्षक केंद्रात हॉवरक्राफ्ट ठेवली आहे. हे केंद्र आरएनएलआय या समुद्रावरच्या जीवरक्षक संस्थेचं. संस्था १८२४ मधली. स्वयंसेवकांवर आणि मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. रोज आपापली नोकरी-धंदा करणारी माणसं निरोप आला की हातातलं टाकून निघतात. मी धक्क्याच्या टोकाशी त्यांच्या पेटीत पैसे टाकले, आणि माघारी येताना पाहिलं तर दूरवर चिखलात एक बाप दोन मुलांचे हात धरून झपाझप किनाऱ्याकडे चालत होता.