हिरवा ठिपका

2021च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. अंगात ताप, वरच्या खोलीत मी एकटा. कंपनी पुण्याची, माणसं लॅपटॉपात. टीसीएसनं कर्मचाऱ्यांसाठी ‘नोम’ नावाचं अंतर्गत समाजमाध्यम काढलं होतं. आमच्या इंट्रानेटवरही तसंच काहीसं होतं. कामाचा प्रश्न तिथं विचारला की उत्तर सगळ्यांसाठी राहतं. मेलमध्ये ते दोघांपुरतंच उरतं. फायदा खरा हाच, असं मी मानत असे.

पण त्या दिवसांत मी उत्तरं शोधत नव्हतो. अकोल्याच्या एका सहकाऱ्यानं पातोडीच्या रश्श्याचा फोटो टाकला होता. चेन्नईची माणसं कृती विचारत होती, आणि हा गडी ‘तिखट झेपन काय, बाप्पा?’ म्हणत होता. मी नुसता वाचायचो. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका रात्री उशिरापर्यंत दिसायचा. बडनेरा स्टेशनाहून गाडीनं थोड्याच वेळाच्या अंतरावरचा माणूस, कधी भेटलेला नाही. तरी तो ठिपका दिसला की बरं वाटे.

असल्या गप्पा वरचे साहेबही वाचतात, हे ठाऊक होतं. म्हणून मी काही लिहिलं नाही, की मुळातच भिडस्त म्हणून? त्या अकोल्याच्या गड्यालाही माझा ठिपका दिसत असेलच.