पाठीमागून आलेली

आमच्यासारख्या वयस्क धर्मगुरूने स्त्रियांच्या मासिक पाळीवर लेखणी उचलावी, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आम्हालाही ते बराच काळ तसेच वाटत होते. आग्रह आमच्या धाकट्या बहिणीचा. "भाऊ, इतकी वर्षे तू आमच्यापुढे बोलतोस. एकदा आमच्याविषयी लिही. माझे नाव मात्र घालू नकोस," असे तिने बजावले. तिच्या परवानगीने आणि तिने स्वतः वाचून पाहिल्यानंतर हे लेखन वाचकांपुढे ठेवीत आहोत.

२०२२ साली आमच्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव झाला. मिस्साबलिदानातील पहिले वाचन बहिणीने करावे, असे ठरले होते. ती शाळेत मराठी शिकवते. तिचा आवाज स्वच्छ आणि उच्चार नेमके. घरातल्या सर्व स्त्रियांनी मोतिया रंगाच्या साड्या नेसाव्यात, हेही आम्हीच हौसेने सुचविले होते. वाचनाची वेळ आली तेव्हा पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी दिसली. बाजूच्या दाराने ती बाहेर पडताना आम्ही वेदीवरून पाहिली. कोणीतरी पुतण्याला पुढे ढकलले आणि त्याने अडखळत वाचन उरकले.

जेवणाच्या मांडवात तिला गाठून विचारले, तर ती एवढेच म्हणाली, "बरे वाटत नव्हते." आम्ही म्हणालो, "बाय, आईच्या पश्चात तू एकटी बहीण. एक दिवस तरी सांभाळून घ्यायचे होतेस." ती काही बोलली नाही. आम्ही मात्र मनात गाठ बांधली आणि पुढे दोन महिने तिला फोनही केला नाही.

आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेसाठी गावी गेलो, तेव्हा ती गाठ सुटली. रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघेच ओट्यावर बसलो होतो. आपणहून तिने सांगायला सुरुवात केली आणि जवळजवळ दोन तास ती बोलत होती.

दुसऱ्या बाळंतपणानंतर, तिशीच्या सुमारास हा त्रास सुरू झाला. महिन्यातले आठ-नऊ दिवस अंगावरून जायचे. पहिले तीन दिवस तर दर दीड तासाला पॅड बदलावे लागे. रक्ताच्या गाठी पडत. कमरेपासून मांड्यांपर्यंत कळा येत. रात्री गादीवर प्लास्टिक आणि त्यावर जुनी गोधडी घालायची, घड्याळाचा गजर लावून दोनदा उठायचे आणि सकाळी साडेसातच्या प्रार्थनेला शाळेत हजर व्हायचे. पस्तीस मिनिटांची एक तासिका संपली की लगेच दुसरी. मधे वर्ग सोडता येत नाही. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होऊ नये म्हणून ती कित्येक वर्षे तिरकी उभी राहून लिहीत आली. "मुलांना वाटते, बाईंची ती लकब आहे," ती म्हणाली.

महोत्सवाच्या दिवसाचा तिने आधीच हिशेब केला होता. पाळी पाच दिवस आधी आली, आणि अंगावर आम्ही ठरविलेली मोतिया रंगाची साडी.

उपचार तिने केले नव्हते असे नाही. लोहाच्या गोळ्या झाल्या, दोनदा क्युरेटिंग झाले, हार्मोनच्या गोळ्या झाल्या. रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड घेतले. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी संशोधक दांपत्याने १९६२ साली जगापुढे आणलेले हे औषध आज असंख्य स्त्रियांचा आधार आहे. बहिणीला त्याने थोडा उतार पडला, थांबले मात्र नाही. आयुर्वेद झाला, होमिओपॅथी झाली, कोणी सांगितले म्हणून जास्वंदीच्या कळ्याही झाल्या. हिमोग्लोबिन ७.२ वर आले. जिना चढताना ती मधल्या पायरीवर उभी राहायची आणि लोक म्हणायचे, बाईंचे वय झाले.

हे सर्व सांगून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मी तुला एकदा विचारले होते. आठवते?"

आम्हाला आठवेना. तिला तारखेसकट आठवत होते. २०१५ साली डॉक्टरांनी गर्भाशयात बसविण्याचे हार्मोनचे साधन सुचविले होते. बोलीत तिलाही तांबीच म्हणतात. ते रक्तस्राव कमी करते, पण गर्भधारणाही टाळते. म्हणून तिने फोन करून विचारले, हे चालेल का? आम्ही कुठल्याशा सभेला निघालो होतो. "ते संततिनियमनाचे साधन आहे. त्या भानगडीत पडू नकोस," एवढे बोलून आम्ही फोन ठेवला. तिने चार वर्षे आमचा शब्द पाळला. शेवटी २०१९ साली डॉक्टरांनी आणि नवऱ्याने हट्ट धरल्यावर तिने ते बसवून घेतले. पाच महिन्यांनी मोठ्या रक्तस्रावात ते बाहेर पडले. त्या पाच महिन्यांत ती दर रविवारी मिस्सेला गेली, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत एकदाही उभी राहिली नाही. भावाने मना केलेली गोष्ट आपण केली, हे तिच्या मनाला लागून राहिले होते.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. परत आल्यावर कपाटातून जुनी पुस्तके काढली. पोप सहावे पॉल यांचे 'ह्युमाने व्हिटे' हे परिपत्रक २५ जुलै १९६८ चे. त्याचा पंधरावा परिच्छेद आम्ही सेमिनरीत नैतिक ईशज्ञानाच्या तासाला शिकलो होतो आणि परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. शारीरिक व्याधी बरी करण्यासाठी खरोखर आवश्यक असलेला उपचार, त्यातून गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी ठाऊक असले तरीही, तोच अडथळा हा हेतू नसल्यास, अयोग्य नाही, असा त्याचा आशय आहे. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर १९६८ पासून छापलेले होते. आम्ही ते न आठवता, न उघडता, सभेच्या घाईत तिला दोन वाक्यांत परत पाठविले. ते साधन पुढे टिकले नाही, म्हणून आमची चूक लहान होत नाही. त्या चार वर्षांच्या थकव्यात आणि पाच महिन्यांच्या उपाशी रविवारांत आमचा वाटा आहे. आम्ही तिची क्षमा मागितली. "आता तरी कोणी विचारले, तर पुस्तक उघडून सांग," ती म्हणाली.

मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातली ती स्त्री वाचकांच्या परिचयाची आहे. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने पुष्कळ सोसले, होते नव्हते ते खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले, असे मार्क स्पष्ट लिहितो. लूकने हाच प्रसंग सांगताना दुखणे वाढल्याचा उल्लेख गाळला आहे. परंपरेप्रमाणे लूक स्वतः वैद्य होता, हे ध्यानात घेतले की गंमत वाटते. या उताऱ्यावर आम्ही पंचवीस वर्षे प्रवचने केली. दर वेळी तिचा विश्वास आणि वस्त्राला झालेला स्पर्श एवढ्यावरच थांबलो. ती पाठीमागून का आली, याचा कधी विचार केला नाही. लेवीयच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे असा स्राव असलेली स्त्री अशुद्ध आणि तिचा स्पर्शही अशुद्ध. गर्दीत उघडपणे पुढून येणे तिला शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट आमच्या नजरेतून निसटली. बरी झाल्यावरही प्रभूने तिला तशीच जाऊ दिले नाही. जायरसाची मुलगी मरणाच्या दारात होती, तरी तो वाटेत थांबला आणि तिने सारे खरे सांगेपर्यंत त्याने ऐकून घेतले. आम्हाला एका सभेसाठी थांबता आले नव्हते.

आपण ख्रिस्ती लोक विटाळ मानीत नाही, असे अभिमानाने सांगतो. शेजारच्या घरी 'कावळा शिवला' म्हणून स्त्रीला बाजूला बसवीत, तसे आपल्याकडे नाही, हे खरे. परंतु आपण या विषयाभोवती मौनाची भिंत घातली आणि भिंतीपलीकडच्या स्त्रीकडून रोजच्यासारखीच सर्व कामे करून घेतली. 'बायकांचे असतेच ते' हे वाक्य आमच्या आईनेही बहिणीला ऐकविले होते. आईनेही ते सोसलेच असणार. तिला मात्र विचारायचे राहून गेले.

बहिणीच्या आजाराला नाव मिळाले ते २०२१ साली. ॲडिनोमायोसिस. गर्भाशयाच्या आतले अस्तर त्याच्या स्नायूंच्या भिंतीत शिरते आणि दर महिन्याला तिथेही सुजते, स्रवते. साध्या सोनोग्राफीत ते निसटू शकते. कोणाला गर्भाशयात गाठी असतात, कोणाला एंडोमेट्रिओसिस, कोणाला थायरॉइडचा दोष. वयात आल्यापासूनच फार जात असेल, तर रक्त गोठण्यातला जन्मजात दोषही असू शकतो. म्हणून 'औषधे लागू पडली नाहीत' हे वाक्य ऐकले की पहिला प्रश्न असावा, कारण शोधले होते का? पूर्वी ८० मिलिलिटरपेक्षा अधिक स्राव झाला तर अतिस्राव म्हणत. घरात ते मोजणार कोण? आता तिच्या जगण्यात किती अडथळा येतो, हाच निकष मानतात. तेव्हा डॉक्टरांपुढे संकोच सोडून 'दर दीड तासाला बदलावे लागते, शाळा बुडते' असे आकड्यांत सांगावे. बहिणीने तारखा, पॅडची संख्या आणि कळांची तीव्रता वहीत लिहायला सुरुवात केली, आणि त्या वहीमुळेच नव्या डॉक्टरांनी आजार ओळखला.

पिशवी काढणे हा या आजारावरचा अखेरचा आणि पक्का उपाय. प्रकृतीसाठी खरोखर गरज असेल तर त्यालाही धर्माची आडकाठी नाही. परंतु त्याची घाईही नसावी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या कित्येक स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेली, कामाचे खाडे होऊ नयेत हे त्यामागचे एक कारण होते, हे २०१९ साली उजेडात आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या बहिणीची दोन सिझेरियन आणि एक अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेली. पोटात आतडी चिकटलेली असण्याचा संभव. दोन डॉक्टरांशी सविस्तर बोलून, पाळी जाण्याचे वय फार दूर नाही हे पाहून, तिने तूर्त थांबायचे ठरविले. तो तिचा निर्णय आहे, आणि बदलावासा वाटला तर ती बदलेल.

मग ती दिवस कसे काढते? लोहाचे सलाईन घेतल्यावर तिचे हिमोग्लोबिन अकरापर्यंत आले. तेव्हा तिला कळले की आपला अर्धा थकवा या एका कमतरतेचा होता. लोहाची गोळी ती लिंबाच्या सरबताबरोबर घेते, चहाबरोबर कधीच नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, कळ असह्य होण्याची वाट न पाहता, पाळी सुरू होताच जेवणानंतर घेते. गरम पाण्याची पिशवी शिक्षक-खोलीतही ठेवलेली असते. मुख्याध्यापिकेला तिने विश्वासात घेतले, तेव्हापासून पहिल्या दोन दिवसांत दोन तासिकांच्या मधे एक मोकळी मिळते. घरी त्या दिवसांत स्वयंपाक नवरा करतो. मुलगा कॉलेजला जाण्यापूर्वी कपडे यंत्रात टाकतो. आधी लाजला, आता विचारतही नाही. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भरू लागले, चक्कर आली किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालयात जायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. दुखणे गेलेले नाही. गेल्या महिन्यातही दोन दिवस ती अंथरुणावर होती. फरक एवढाच की आता ती का पडून आहे हे घराला माहीत असते, आणि पोळ्यांची वाट कोणी पाहत नाही.

'हे दुःख प्रभूच्या चरणी अर्पण कर' हे वाक्य आम्ही अनेक दुखणाइतांना सांगितले आहे. ते खोटे नाही. पण ज्याला दुखते त्यानेच ते स्वतःशी म्हणावे. दुसऱ्याने आधी ऐकावे, मग डॉक्टरांची वाट दाखवावी, मग घरकामाला हात लावावा. त्यानंतर वेळ उरला तर बोलावे.

गेल्या वर्षी बहीण आमच्या धर्मग्रामात आली होती. मिस्सा सुरू होण्यापूर्वी तिने विचारले, "भाऊ, तुमच्या चर्चचे स्वच्छतागृह कुठे आहे?" ते चर्चच्या मागे होते, आणि त्याला रविवारी कुलूप असे. गर्दीत घाण होते म्हणून ती आमचीच सूचना होती, आणि किल्ली सेवेकऱ्याकडे असे. एखाद्या स्त्रीला ती त्याच्याकडे मागावी लागत असेल, हे इतक्या वर्षांत आमच्या मनात आले नव्हते. त्या रविवारी कुलूप काढले. आत पाणी, झाकणाची बादली आणि कागदात बांधलेले पॅड महिला मंडळाने ठेवले. वाचनमंचाजवळ एक खुर्चीही ठेवली आहे. ज्यांना उभे राहणे जड जाते, त्यांनी बसून वाचावे.

त्या दिवशी पहिले वाचन बहिणीने केले. साडी गडद जांभळी होती. खुर्चीकडे तिने पाहिले, हसली, आणि उभी राहूनच वाचले.