लेपांचे प्रतिनिधि

एका वस्तूच्या जागीं दुसरी घेण्याची वेळ संसारांत वरचेवर येते. पूजेला फुलें नसलीं तर अक्षता वाहाव्यात, तूप सरलें तर निरांजनांत तेल घालावें, पंक्तीला केळीचीं पानें पुरलीं नाहींत तर पत्रावळी मांडाव्यात, हें घरांतील वडील बायकांस कोणी शिकवावें लागत नाहीं. कोठें काय चालतें आणि कोठें कांहीं केल्या चालत नाहीं, याचा विवेक त्यांच्या हातालाच असतो. परंतु हा विवेक यंत्राला शिकवावयाचा झाला म्हणजे काय होतें, तें पाहण्याचा योग आम्हांस गेल्या वर्षीं आला. आणि तोही चष्म्याच्या भिंगांच्या निमित्तानें.

आमचा पुतण्या पुण्याजवळच्या एका भिंगांच्या कारखान्यांत नोकरीस आहे. या कारखान्यांस तिकडे लॅब म्हणतात. भिंगें घांसण्याचें काम त्याच्याकडे नाहीं. दुकानांतून आलेल्या ऑर्डरी वाचून कोणतें भिंग कोणत्या यंत्राकडे पाठवावें हें जें सॉफ्टवेअर ठरवितें, त्यांत नियम भरून ठेवणें हा त्याचा व्यवसाय. दिवाळींत तो वाईस आला तो हें काम बरोबर घेऊनच, आणि चार दिवस माजघरांत बसून एक लांबलचक कोष्टक भरीत होता. "हें काय रे?" म्हणून विचारलें तेव्हां म्हणाला, "काका, हे सब्स्टिट्यूशनचे नियम. मागितलेलें कोटिंग देतां येत नसेल तर त्याच्या जागीं कोणतें द्यावयाचें, तें." आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें, परंतु 'जागीं' हा शब्द ऐकतांच आम्ही सावरून बसलों. तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून स्थानी आणि आदेश घोकून घेतलेल्या माणसास हा विषय परका कसा वाटावा?

आधीं हा लेप म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. भिंगावर पडलेला सर्व प्रकाश आरपार जात नाहीं. प्रत्येक पृष्ठावरून कांहीं अंश माघारी फिरतो. साध्या प्लॅस्टिकच्या भिंगाचा वक्रीभवनांक १.५ च्या सुमारास असतो, आणि त्याच्या दर पृष्ठावरून शेंकडा ४ प्रकाश परत जातो. म्हणजे दोन्ही मिळून ८. मोठ्या नंबरासाठीं १.६७ अंकाचें पातळ भिंग घेतलें तर दर पृष्ठाचें प्रमाण ६ च्या वर जातें. रात्रीं समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांचीं जीं भुतें चष्म्यांत दिसतात, तीं याच परतलेल्या प्रकाशाचीं. यावर १९३५ सालीं जर्मनींतील येना येथें झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्मकुला यानें निर्वात पात्रांत भिंगावर अतिशय पातळ थर चढविण्याची युक्ति काढली. थराची जाडी अशी राखावयाची कीं त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतलेल्या लहरींनीं एकमेकींस मारून टाकावें. आज सिलिकॉनच्या आणि झिर्कोनियमच्या किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडांचे असे अनेक थर आलटून पालटून देतात. तरी सगळ्यांची जाडी मिळून केसाच्या शतांशाइतकीही भरत नाहीं. दुकानांत याला अँटीग्लेअर म्हणतात.

त्याच्या खालीं ओरखडे पडूं नयेत म्हणून एक कठीण लेप असतो, तो हार्डकोट. पॉलीकार्बोनेटला तर तो लागतोच. कारण तें सहसा फुटत नाहीं, पण ओरखडतें फार लवकर. रंगीत भिंग हवें असेल तर आणखी एक अडचण. पॉलीकार्बोनेट स्वतः रंग पीत नाहीं. त्याच्यावरील हार्डकोट रंग पिणारा असेल तरच गरम रंगाच्या पाण्यांत बुडवून त्याला छटा देतां येते, आणि फार कठीण हार्डकोट सहसा रंग घेत नाहींत. अँटीग्लेअर एकदां चढलें म्हणजे तर रंगाचा मार्गच बंद.

आतां दुकानदार ऑर्डरींत एखाद्या लेपाचें नांव लिहितो, आणि लॅबमध्यें तो लेप त्या जातीच्या भिंगावर देण्याची सोय नसते. किंवा निर्वात पात्र दुरुस्तीस काढलेलें असतें. किंवा कंपनीनें तो लेप बंद करून दुसऱ्या नांवाचा काढलेला असतो. प्रत्येक वेळीं माणसानें निवाडा करीत बसावें तर दिवसाला शेंकडों चष्मे निघावेत कसे? म्हणून हें कोष्टक. गिऱ्हाईक कोणतें, भिंगाचें द्रव्य कोणतें, लेप कोणता मागितला, त्याच्या जागीं कोणता द्यावा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि किंमतींतील फरक कोणाच्या माथीं. पुतण्याचें सॉफ्टवेअर वरून खालीं वाचीत येतें. जी पहिली ओळ जुळेल ती लागू, पुढच्या तें पाहात नाहीं. म्हणून विशेष नियम वर आणि सामान्य खालीं लिहावे लागतात. सामान्य चुकून वर गेला तर खालच्या अपवादाला जन्मभर पाळी येत नाहीं. उत्सर्ग आणि अपवाद आमच्या माजघरांत अशा रीतीनें अवतरतील असें वाटलें नव्हतें. फरक इतकाच कीं पाणिनीच्या घरीं समबल नियमांत विरोध आला तर नंतरचा जिंकतो, येथें आधींचा.

आदेशाविषयीं पाणिनीनें जें सांगितलें आहे त्याचा आशय असा कीं, ज्याच्या जागीं जो येतो तो त्याच्यासारखाच मानावा. मात्र जें कार्य वर्णांवर अवलंबून असेल तें सोडून. 'पठित्वा' या रूपांत क्त्वा प्रत्यय आहे. धातूला उपसर्ग लागला कीं त्याच्या जागीं ल्यप् येतो आणि 'प्रपठ्य' होतें. क्त्वाचें अव्ययपण ल्यप् ला आपोआप मिळतें. परंतु 'पठित्वा'मध्यें जो इकार आहे तो मिळत नाहीं. कारण तो क्त्वाच्या आरंभींच्या तकारामुळें आलेला, आणि ल्यप् च्या आरंभीं यकार आहे. हें ऐकून पुतण्या हंसला नाहीं. "काका, आमचीं अर्धीं भांडणें यांतलींच," असें म्हणाला. एका हार्डकोटच्या जागीं दुसरा आला तर ओरखड्यांपासून रक्षणाचें काम त्याच्याकडे येतें. पण रंग पिणें, अँटीग्लेअरला धरून ठेवणें, हें ज्याच्या त्याच्या द्रव्याचें. सॉफ्टवेअरला हा भेद सांगितल्यावांचून कळत नाहीं.

तो न सांगितल्यानें काय होतें हें आमच्या घरानें भोगलें आहे. पुतण्याच्या लॅबचा त्याशीं संबंध नाहीं. ती लॅब दुसरी. आमच्या वहिनींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढल्यावर त्यांना उन्हाचा झोत सोसेना, म्हणून तपकिरी छटेचीं पॉलीकार्बोनेटचीं भिंगें सांगितलीं होतीं. हातीं आलीं तीं अगदीं स्वच्छ, वर हिरवट झांक. दुकानांतील मुलगा म्हणाला, "आजी, हें नवीन कोटिंग आहे, यांत सगळें येतें." वहिनींनीं विश्वास ठेवला. पुढें तीन आठवडे त्या दुपारच्या बाहेर पडेनात. देवळांतील पुराण सुटलें. कोणीं विचारलें तर गुडघ्यांचें नांव पुढें करीत. शेवटीं एके दिवशीं अंगणांतलें वाळवण पाहण्यास गेल्या, उन्हानें डोळे दिपले, पायरी चुकली आणि मनगट मोडलें. दुकानदारानें चौकशी केली तेव्हां सर्व उलगडा झाला. रंग पिणारा हार्डकोट शिल्लक नव्हता, म्हणून एका नियमानें त्याच्या जागीं अधिक कठीण हार्डकोट घातला. तो कठीण हार्डकोट दिसतांच दुसरा नियम जागा झाला, आणि त्यानें अँटीग्लेअर जोडलें. मग रंग देणें अशक्य म्हणून रंगाची ओळ आपोआप गळाली. प्रत्येक नियम एकटा पाहिला तर शहाणपणाचाच. परंतु ज्या डोळ्यांना प्रकाश कमी हवा होता, त्यांना पॉलीकार्बोनेटच्या दोन पृष्ठांवरून जे शेंकडा १० परत जावयाचे, तेही बहुतेक आंत सोडले गेले.

याज्ञिकांपुढें हा प्रश्न फार जुना आहे. यज्ञांत व्रीहि मिळाले नाहींत तर नीवार, सोम मिळाला नाहीं तर पूतिका. जैमिनीच्या सहाव्या अध्यायांत या प्रतिनिधींचा सविस्तर विचार आहे, आणि त्यांतील एक निर्णय आम्हांस या प्रसंगीं राहून राहून आठवला. प्रतिनिधि म्हणून घेतलेलें द्रव्यही नासलें तर पुढें काय घ्यावें? त्या प्रतिनिधीसारखें नव्हे, मूळ द्रव्यासारखें घ्यावें. पायरीपायरीनें सारखेपणा शोधीत गेलें तर शेवटची वस्तु पहिलीला ओळखही देणार नाहीं! शिवाय जें निषिद्ध तें कितीही सारखें दिसलें तरी घेऊं नये. मुगाच्या जागीं उडीद चालत नाहींत. आणि यजमानाला तर प्रतिनिधि मुळींच नाहीं. ज्याच्यासाठीं कर्म, तो तोच असला पाहिजे. पुतण्यानें हें ऐकून घेतलें आणि आपल्या कोष्टकांत दोन फेरफार केले. एकदां बदल झालेल्या ऑर्डरीला दुसरा बदल लागूं नये, तसा प्रसंग आल्यास ऑर्डर थांबून माणसाकडे यावी. आणि ज्या ऑर्डरींत रंग आहे तिला रंग न पिणारा कोणताही लेप वर्ज्य. हे फेरफार तो आमच्या सांगण्यावांचूनही करणार होता असें त्याचें म्हणणें, असेल.

एका बाबतींत मात्र आमचें शास्त्र उपयोगीं पडत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. व्रीहींच्या जागीं नीवार घेतले तरी मंत्रांतला व्रीहि शब्द बदलीत नाहींत. तें तेथें शोभतें, कारण नीवार हातांत घेणाऱ्या यजमानाला काय घेतलें तें ठाऊक असतें. वहिनींच्या बिलावर शेवटपर्यंत जुन्या हार्डकोटचें आणि तपकिरी रंगाचेंच नांव होतें, आणि त्यांना कांहींच ठाऊक नव्हतें. आम्हीं आग्रह धरला कीं बदल झाला कीं गिऱ्हाइकाला कळवावें, मग तो केवढाही असो. पुतण्या यास तयार नाहीं. "एकाच गुणाचे दोन लेप, नुसतीं नांवें निराळीं, असें दिवसांतून कितीदां सांगूं? फोन खालीं ठेवतां येणार नाहीं," असें तो म्हणतो, आणि त्यांत तथ्य आहे. दोन रात्री वाद चालला. अखेर त्यानें नियमांत आणखी एक रकाना वाढविला: केवळ नांव बदलतें कीं गुण बदलतो. गुण बदलत असेल तर दुकानाची संमति येईपर्यंत भिंग पुढें सरकूं नये.

याच रकान्यानें एक प्रकरण अडवून ठेविलें आहे. एका मोठ्या दुकानाची मागणी अशी कीं, साधें अँटीग्लेअर मागितलें असतां सरसकट निळा प्रकाश अडविणारें, ज्याला ब्ल्यूकट म्हणतात तें द्यावें. अधिक पैसे गिऱ्हाइकाकडून घेऊं. संगणकापुढें बसणाऱ्यांस यानें आराम पडतो असें सांगण्यांत येतें. परंतु २०२३ सालीं कॉक्रेन या संस्थेनें १७ चांचण्यांचा आढावा घेतला, त्यांत थोड्या मुदतीच्या वापरानें डोळ्यांचा शीण कमी होतो असें आढळलें नाहीं. ज्याला हवें त्यानें मागून घ्यावें. न मागतां जागीं बसवून वर पैसे घेणें याला प्रतिनिधि म्हणत नाहींत.

सध्यां पुतण्या जुने नियम निपटीत आहे. पात्र बिघडलें म्हणून चार महिन्यांपुरता घातलेला नियम पात्र सुरू झाल्यावरही चालूच राहतो, कारण 'कोणत्या तारखेपर्यंत' हा रकाना कोणी भरलेलाच नसतो. अशा ओळींची छापील यादी घेऊन तो एकेका दुकानाला विचारीत बसला आहे. वहिनींचीं तपकिरी भिंगें मकरसंक्रांतीला आलीं. त्यांतून हळद मातकट दिसते अशी त्यांची तक्रार आहे, म्हणून स्वयंपाकघरांत त्या तीं काढून ठेवतात.