पडदा कुणी ओढायचा?

2015 सालच्या एप्रिलमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी बॉस्टनला गेले, तेव्हा डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली माझ्या आईची अंजिरी पैठणीही होती. आई गेल्यापासून ती ट्रंकेतच होती, मलमलीच्या फडक्यात. लेकीला ती काचेच्या चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावायची होती. तिथली खिडकी पश्चिमेची, जवळजवळ भिंतभर. मी म्हटलं, "अगं, ऊन लागून रंग जाईल तिचा."

"आणि ट्रंकेत ठेवून काय होणार? तूसुद्धा शेवटची कधी पाहिलीस, सांग बरं!"

मला सांगता आलं नाही. विषय तिथंच राहिला, पण दोघींच्याही मनातून गेला नाही.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर लेक म्हणाली, "चल, तुला नदीपलीकडचं म्युझियम दाखवते." बाबागाडी घेऊन आम्ही केंब्रिजला हार्वर्ड विद्यापीठात गेलो. विद्यापीठाची तीन म्युझियमं तिथं एका छपराखाली आणली आहेत. त्यासाठी त्यांनी नवी जागा शोधली नाही. आवारातलीच 1927 ची विटांची फॉग म्युझियमची इमारत 2008 मध्ये बंद केली आणि रेंझो पियानो या इटालियन वास्तुकाराकडून नव्याने करून घेऊन 2014 च्या नोव्हेंबरात उघडली. आमच्याकडे साधं स्वयंपाकघर दुरुस्त करायचं तर दोन महिन्यांत जीव मेटाकुटीला येतो. इथं सहा वर्षं!

आत शिरले आणि एकदम वाड्यात आल्यासारखं वाटलं. मधोमध चौक, भोवती दगडी कमानी. हा चौक इटलीतल्या मोंतेपुल्चानो गावच्या सोळाव्या शतकातल्या एका घरावरून बेतलेला आहे. तो त्यांनी तसाच ठेवला, कमानींच्या वर काचेचे मजले चढवले आणि सगळ्यावर काचेचं छप्पर घातलं. वरून येणारा उजेड काचांतून आणि पडद्यांतून गाळून खाली येतो, चहा गाळावा तसा. मागच्या अंगाला लाकडी फळ्यांनी मढवलेला नवा भाग जोडलाय, तो मात्र मला आवडला नाही. पैठणीला टेरिलीनचा पदर लावल्यासारखा दिसतो. लेकीला तोच आवडला.

वरच्या एका दालनात मार्क रॉथ्को या चित्रकाराची पाच प्रचंड चित्रं होती. गडद लाल, जांभळट. 1964 मध्ये ती विद्यापीठाच्याच एका उंच इमारतीत, दहाव्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात लावली होती. खिडक्यांना पडदे होते, पण जेवणाऱ्यांना बाहेरचा देखावा हवा! पडदे उघडेच राहायचे. त्याने वापरलेला लाल रंग मुळात उन्हाला न टिकणारा. चित्रं फिकट होत गेली आणि अखेर 1979 मध्ये उतरवून ठेवावी लागली. एवढे विद्वान लोक, पण पडदा ओढायचं काम कुणाचं, हे काही ठरलेलं नसावं. आपल्या घरी तरी ते कुठं ठरलेलं असतं?

त्या वर्षीच्या प्रदर्शनात त्यांनी युक्ती केली होती. चित्रांना ब्रश न लावता, जिथं जेवढा रंग उडालाय तिथं तेवढ्याच रंगाचा उजेड प्रोजेक्टरने टाकला होता. चित्र अगदी नव्यासारखं दिसे. मात्र रोज चार वाजता तो उजेड बंद करायचे. आम्ही मुद्दाम थांबलो. दिवा मालवला आणि समोरचा किरमिजी रंग बघता बघता विटक्या निळसर करड्यावर आला. लेकीने माझा हात घट्ट धरला. बोललो दोघीही नाही.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. संग्रहात अडीच लाखांच्या आसपास वस्तू. त्यातल्या बहुतेक कपाटबंद असणारच. पण सगळ्यात वरच्या भागात त्यांनी खास खोल्या ठेवल्यात. आधी वेळ ठरवली, तर हवी ती वस्तू काढून समोर मांडतात, मग तुम्ही विद्यार्थी असा वा नसा. बघून झालं की पुन्हा अंधारात. (2023 पासून म्युझियमला तिकीटही नाही, कुणी लेकीसुनेकडे त्या बाजूला गेलात, तर अवश्य जा.)

परत येताना बसमध्ये लेक म्हणाली, "कपड्यांना उजेड सगळ्यात कमी लागतो म्हणे, साधारण पन्नास लक्स. आपल्या खिडकीत ऊन कितीतरी पट."

"मग?"

"मग काय, चौकट नको."

पैठणी आता तिच्याकडेच आहे. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर आधी धुतलेली मलमल गुंडाळली, त्यावर पैठणी, जर बाहेरच्या अंगाला ठेवून. घड्या नाहीत, म्हणजे जर घडीवर तुटायला नको. भिंतीवर पदरावरच्या मोराचा मोठा फोटो लावलाय. दर पाडव्याला पडदे ओढून पैठणी पलंगावर पसरायची, असं ठरलं. गेल्या पाडव्याला नातीने हात पुसायच्या आत पदराला हात लावला. श्रीखंडाचा केशरी ठिपका अजून आहे. लेक चिडली, मी फोनवर हसतच होते.