भोंग्याआधी पेटणारे स्टोव्ह

मुंबईच्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला गिरणीचा भोंगा आजही आठवतो. सातला पहिली पाळी, साडेतीनला दुसरी, मध्यरात्री तिसरी. कुणाचे वडील कधी झोपलेले असतात आणि कुठल्या दारासमोर गोंगाट करायचा नाही, हे आम्हा पोरांना तोंडपाठ होतं. पण भोंगा व्हायच्या कितीतरी आधी चाळीत स्टोव्ह फरफरू लागायचे. पिन मारून, पंप देऊन आया भाकऱ्या थापायला बसायच्या. त्या आवाजाची आठवण कुणी फारशी काढत नाही.

बहुतेक घरांत फक्त घरच्यांचंच जेवण होत नसे. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून एकटे आलेले पुरुष गाववाल्यांच्या गाळ्यात राहायचे. ट्रंक माळ्यावर, वळकटी कोपऱ्यात. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. या माणसांना दोन वेळचं घालायचं ते शेजारच्या खोलीतल्या मावशींनी. खानावळीला पाटी नसायची. दहा बाय बाराच्या खोलीत पंगत बसायची आणि पोरं तेवढा वेळ गॅलरीत अभ्यास करायची. हिशेबाची वही असायची. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे रेघा आणि मध्येच फुली: खाडा. गडी गावी गेला की खाडा, दुसरीकडे जेवला तरी खाडा, पण तो आदल्या दिवशी सांगितला असला तरच. लिहिता न येणाऱ्या मावशी ही वही आमच्याकडून भरून घ्यायच्या आणि आमची एखादी फुली चुकली तर न बघता सांगायच्या, "अरे, बुधवारी बांगडा होता, तो जेवलाय."

पैसे यायचे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी, ती थकली की व्याजाने कर्ज. या बायकांना बँकेचं दार पहिल्यांदा दाखवलं ते प्रेमाताई पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामातून आलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताईंनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्यांना कर्ज मिळवून दिलं.

त्याआधीच्या पिढीत, म्हणजे आमच्या काही आज्यांच्या वेळी, बायका गिरणीतच होत्या, वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत. नवी यंत्रं आली, माणसं कमी करायची वेळ आली, तेव्हा आधी त्यांच्यावर गदा आली. आठवणींचं गिरणगाव सगळ्यांना सारखं वागवणारंही नव्हतं. विणकामाच्या साच्यावर धोट्याचा दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत. ते कमी पगाराच्या खात्यांत राहिले. पंगतीही गाव आणि जात बघूनच बसायच्या. गणपतीत सगळी गल्ली एक व्हायची हे खरं, पण विसर्जनानंतर ज्याची त्याची पंगत वेगळी.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. आम्हाला आधी सुट्टी लागल्यासारखं वाटलं. वडील दिवसा घरी दिसू लागले, मोर्च्याला जाऊ लागले. काही महिन्यांनी गाळे रिकामे झाले, माणसं पेरणीला गावी गेली. वहीत खाडेच खाडे. जेवणारेच उरले नाहीत, तशी खानावळ बसली आणि मागची बाकी बुडाली. आयांनी काय काय केलं! पापड लाटले, कपड्यांना काजं-बटणं केली, दादर-माटुंग्याला पोळ्या लाटायला गेल्या. मंगळसूत्रातले मणी एकेक करून सोनाराकडे गेले. मोर्च्यातल्या घोषणा आम्हाला आजही पाठ आहेत. आई किती घरी कामाला जात होती, हे मात्र आमच्यातल्या अनेकांनी तिला कधी विचारलंच नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो आमच्या घराघरांत असा झिजत संपला.

पुढचं सगळ्यांना दिसतंच आहे. 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाची वाट मोकळी केली, 2001 च्या बदलाने मोकळ्या राहणाऱ्या जागेचा वाटा आणखी आटला. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं. चाळी पडून टॉवर झाले. आमच्यातले कुणी पुनर्विकासात वर चढले, कुणी डोंबिवली-विरारला गेले. मिरची गल्लीत मात्र मे महिन्यात अजून शिंका येतात, आणि जुनी मंडळी वर्षाचा मसाला घ्यायला तिथेच येतात. दुपारी गिरण्यांच्या जागेवरच्या ऑफिसांतली पोरं पोळीभाजीचे डबे उघडतात. ते डबे अजूनही कुठल्यातरी खोलीतूनच येतात.

गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघते. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागतो. आम्ही वडिलांची गिरणीतली तिकिटं, पगाराच्या पावत्या, ईएसआयची कार्डं ट्रंकांतून शोधून काढली आणि वारस म्हणून अर्ज भरले. हक्क होता, तो मागायलाच हवा होता. पण ज्या बाईने त्या पटावरच्या माणसांना वर्षानुवर्षं जेवू घातलं आणि पट बंद पडल्यावर घर चालवलं, तिचं नाव कुठल्याच पटावर नव्हतं. गिरणगावच्या इतिहासात ते आता आपणच घालायचं आहे, आणि ते घालू शकणारी आमची पिढी शेवटचीच.