पदरमोड : मार्चअखेरची काही पाने

सातारा, शनिवार, 8 मार्च 2025

मार्च लागला की आमच्या ऑफिसात दोनच विषय. एक वर्षअखेरीचा हिशेब, दुसरा माणसांचे मूल्यमापन. सातारा एमआयडीसीतले आणि कुपवाडचे, दोन्ही युनिटांमधल्या सुपरवायझरांचे फॉर्म आज टेबलावर आले. उत्पादन, रिजेक्शन, हजेरी, सुरक्षितता हे नेहमीचे रकाने आहेतच. त्यांच्याखाली यंदा एक नवा आहे : भावनिक बुद्धिमत्ता, गुण पाचपैकी.

रकाना आला याचा मला मनापासून आनंद आहे. 1990 मध्ये पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही संकल्पना मांडली. 1995 मध्ये डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर पोचवली. नेतृत्वाचा विचार करताना गोलमन तिचे पाच भाग सांगतात : स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते आवरणे, कामाची आतून ओढ असणे, दुसऱ्याचे मन जाणणे आणि माणसे जोडणे. शॉपफ्लोअरवर याचा प्रत्यय रोज येतो. हाताला कसब असलेला ऑपरेटर सुपरवायझर होतो, आणि महिन्याभरात त्याच्या लक्षात येते की आता गाठ लोखंडाशी नाही, माणसांशी आहे. चांगल्या कारागिरांच्या बढत्या पुढे अडतात त्या बहुतेक इथेच.

प्रश्न आहे तो गुण कशावर द्यायचे हा. माझ्या पहिल्या नोकरीतले एक अधिकारी मन ओळखण्यात पटाईत होते. कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणावर सोसायटीचे कर्ज आहे, कोणाला घरी मान नाही, सगळे त्यांना तोंडपाठ. त्या माहितीच्या जोरावर ते माणसाला बरोबर कोंडीत पकडत आणि जादा पाळ्या करून घेत. बोलणे मात्र साखरेसारखे. या रकान्यात त्यांनाही पाचपैकी पाच मिळाले असते. म्हणजे मन जाणणे ही अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी कोणती, ते नक्की झाल्याशिवाय मी फॉर्म भरणार नाही.

किर्लोस्करवाडी, सोमवार, 10 मार्च

कुपवाडला जाताना गाडीने किर्लोस्करवाडी गाठली आणि मुद्दाम उतरले. आज वाडीचा वाढदिवस. 10 मार्च 1910 रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर आपले सामान आणि माणसे घेऊन या माळावर आले. तेव्हा स्टेशनाचे नाव कुंडल रोड होते. जमीन 32 एकर, दगडधोंड्यांची, निवडुंगाने भरलेली.

लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटे, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. पुढे नगरपालिकेच्या योजनेत बेळगावची जागाही गेली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा दिली आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले.

डावलले गेल्याचा सल माणसाला दोन वाटांनी नेतो. एक तर तो पुढे इतरांना डावलतो, किंवा कोणालाही डावलायचे नाही असे ठरवतो. लक्ष्मणरावांनी दुसरी वाट धरली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर वाडीत नामांकित यंत्रज्ञ झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांची दरोडेखोर म्हणून दहशत होती. त्यांच्यावर लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम सोपवले, आणि दोघांनी ते इमानाने केले.

आज आपण म्हणतो, माणसावर विश्वास टाकावा. बोलायला काही लागत नाही. राखण सोपवायची म्हणजे चोरी झाली तर नुकसान आपले, आणि वर लोक हसणार तेही आपल्यालाच. लक्ष्मणरावांनी ती जोखीम आधी स्वतःच्या अंगावर घेतली. पंतप्रतिनिधींनीही आधी पैसे दिले, कारखाना चालेल की नाही हे नंतर कळणार होते. दोघांनी समोरच्याचे मन ओळखले आणि त्यापायी स्वतःचे काहीतरी पणाला लावले. आठ तारखेला अडलेला प्रश्न इथे थोडा सुटल्यासारखा वाटतो आहे.

कुपवाड, मंगळवार, 11 मार्च

आज व्हीएमसी, म्हणजे संगणकनियंत्रित मशीनिंगच्या लाइनच्या सुपरवायझरांचा फॉर्म हातात घेतला. लाइनवर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. जानेवारीचे उत्पादन उद्दिष्टापेक्षा कमी, त्यामुळे आकड्यांच्या रकान्यात ते मागे पडले आहेत. हे कसे झाले ते मी लाइनवर जाऊन विचारले. अण्णा स्वतः काही बोलले नाहीत, ऑपरेटरांनी सांगितले.

जानेवारीत रात्रपाळीला एका तरुण ऑपरेटरचे लागोपाठ दोन पंप केसिंग बाद झाले. बोअर मोठे झाले होते. मुलगा कामाला चोख, ऑफसेट टाकताना दोनदा तपासणारा. तिसरा जॉब फिक्श्चरमध्ये चढवताना त्याचा हात थरथरत होता. अण्णांनी मशीन थांबवले, बोअर गेज त्याच्या हातातून काढून घेतला आणि एवढेच विचारले, "जेवलास का रं?"

तो जेवला नव्हता. वडील मिरजेला दवाखान्यात होते, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दिवसा तो तिथे बसायचा आणि रात्री मशीनवर उभा राहायचा. सुट्टी मागितली तर कायम होण्याआधीच नाव कटेल या भीतीने कोणाजवळ बोलला नव्हता.

अण्णांनी त्याला कँटीनला पाठवले आणि उरलेली पाळी मशीन स्वतः चालवले. दुसऱ्या दिवशी त्याला पहिल्या पाळीत, तपासणीच्या टेबलावर घेतले. रात्रपाळीची रिकामी जागा भरायला माणूस नव्हता, म्हणून महिनाभर आकडा खाली आला. सकाळच्या मीटिंगमध्ये दोन जॉब का गेले हे विचारले गेले, तेव्हा अण्णा म्हणाले, "माझ्या शिफ्टचं रिजेक्शन आहे, माझ्या नावावर घ्या." मुलाचे नाव त्यांनी घेतले नाही.

फेब्रुवारीअखेर तो मुलगा पुन्हा मशीनवर आला. आज मी पाहिले तेव्हा नव्या आलेल्या ऑपरेटरला बोअर गेज शून्यावर कसा आणायचा ते शिकवत होता. गेज रिंगमध्ये हलकेच मागेपुढे झुलवायचा, काटा जिथून माघारी फिरतो ती जागा धरायची. नवखा घाई करत होता, हा शांतपणे पुन्हा पुन्हा दाखवत होता. अण्णांनी त्या रात्री आरडाओरडा केला असता तर तो नोकरी सोडून गेला असता, आणि असा हात नव्याने तयार करायला महिनेच्या महिने जातात. हा हिशेब उत्पादनाच्या रकान्यात कुठेच बसत नाही. तिथे दिसते ते एवढेच, की जानेवारीत अण्णा कमी पडले.

कऱ्हाड, बुधवार, 12 मार्च

परतीच्या वाटेवर प्रीतिसंगमावर थांबले. आज यशवंतराव चव्हाणांची जयंती. जन्म 12 मार्च 1913, देवराष्ट्रे. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावर समाधीपाशी फुले वाहणाऱ्यांची रांग होती.

यशवंतरावांच्या मनमिळाऊपणाबद्दल पुष्कळ बोलले जाते, बेरजेच्या राजकारणाबद्दलही. माझ्या फॉर्मच्या दृष्टीने मला त्यांची दिल्लीतली वर्षे जास्त मोलाची वाटतात. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनकडून झालेल्या पराभवानंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि संरक्षण खाते यशवंतरावांकडे आले. सेनानी आणि मंत्री यांच्यातला विश्वास तुटलेला होता. यशवंतरावांनी रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याबरोबर बसायला सुरुवात केली. लष्करी विद्येत आपण नवखे आहोत हे जाणून त्यांनी ऐकण्यावर भर दिला.

त्या सकाळच्या बैठकांचे फळ 1 सप्टेंबर 1965 ला दिसले. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे आत घुसले होते. लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग विमाने वापरण्याची परवानगी मागायला आले. मंत्रिमंडळाच्या समितीची वाट न पाहता यशवंतरावांनी आपल्या अधिकारात होकार दिला, आणि त्याच संध्याकाळी विमाने झेपावली. निर्णय चुकला असता तर दोष त्यांच्या एकट्याच्या माथी आला असता. हाताखालच्या माणसाला पाठीशी कोणीतरी आहे असे वाटायला लागते, ते अशा वेळी. अण्णांचे "माझ्या नावावर घ्या" लहान जागचे खरे, पण जात तीच.

सातारा, गुरुवार, 13 मार्च, होळी

पुरणपोळी झाली, होळी पेटली, पोरांच्या बोंबा अजून ऐकू येताहेत. वही मात्र आज उघडायचीच होती, कारण साताऱ्यात राहून कर्मवीर भाऊराव पाटलांना सोडून हा विषय पुरा होणार नाही.

भाऊराव किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून गावोगाव फिरले. पुढे धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही ते होते. पगारापाण्याचे चांगले चालले होते. पण नांगर विकण्यासाठी ज्या ओसऱ्यांवर बसायचे तिथली शिकू न शकणारी पोरे त्यांना स्वस्थ बसू देईनात. 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एकत्र राहू, रांधू आणि जेवू लागली. 1927 मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले.

'कमवा आणि शिका' ही योजना आपण पैशाची सोय म्हणून ओळखतो. मला तिच्यात माणसाच्या मनाची जाण दिसते. गरिबाच्या मुलाला फुकट दिले तर तो मिंधा होतो, मान खाली घालून शिकतो. काम करून शिकला तर ताठ मानेने शिकतो. मदत करतानाही समोरच्याची मान खाली जाऊ नये, हे व्यवस्थेतच बसवून टाकणे फार थोड्या नेत्यांना साधते.

आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही जैन घरातली बाई सगळ्या जातींच्या मुलांची आई झाली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा तिने अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. 1930 मध्ये ती गेली. संस्था वाढली, नाव झाले, ते तिला पाहायला मिळाले नाही. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात मी यापुढे भाऊरावांबरोबर तिचेही नाव घेणार आहे.

औंध, रविवार, 16 मार्च

सुट्टी होती म्हणून औंधला आले. यमाईचे दर्शन, मग भवानी संग्रहालय. बाळासाहेबांनी जमवलेली चित्रे पाहताना त्यांच्या राज्यकारभाराचाच विचार मनात राहिला. ज्यांनी लक्ष्मणरावांना माळ दिला, त्यांनी जानेवारी 1939 मध्ये सगळा कारभारच प्रजेच्या हाती दिला. औंधची स्वराज्याची घटना गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन या कामात पुढे होते.

त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे बायकामुलांसह राहून शेती करू लागले. भिंत नाही, बेड्या नाहीत. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. ती खुली वसाहत आजही आहे.

मला यातली बायकामुलांची तरतूद सर्वांत मोलाची वाटते. पळून जाऊ नये म्हणून पहारा वाढवणे कोणालाही सुचेल. माणूस घरासाठी थांबतो, हे ओळखून घरच तिथे आणणे सुचायला मनाची खोल जाण लागते. आमच्याकडे नोकरी सोडून जाणाऱ्यांची संख्या वाढली की हजेरीचे नियम कडक होतात. ती मुले का जातात, हे कोणी घरापर्यंत जाऊन विचारत नाही.

सातारा, सोमवार, 17 मार्च

आज साहेबांपुढे फॉर्म घेऊन बसले. भावनिक बुद्धिमत्तेच्या रकान्यात मी नुसता आकडा लिहिलेला नाही. प्रत्येक सुपरवायझरच्या नावापुढे एक घडलेला प्रसंग आहे, आणि त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे. समोरच्याची अडचण त्याने न सांगता ओळखली का? त्यासाठी कामाच्या रचनेत काही बदल केला का? आणि तो करताना स्वतःचे काय खर्ची घातले : वेळ, आकडा, अधिकार की नाव?

साहेब म्हणाले, "मॅडम, आकडे भरणं सोपं असतं. एवढं लिहायला वेळ कुणाला आहे?"

मी म्हटले, "सर, पहिल्या दोन प्रश्नांवर गोड बोलून काम काढणारासुद्धा पास होतो. तिसऱ्यावर नाही होत."

त्यांनी अण्णांचे पान दोनदा वाचले. जानेवारीचा आकडा का घसरला हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते. यंदा ही पद्धत कुपवाडपुरती वापरून पाहू, असे ठरले. अण्णांचे नाव शिफ्ट इनचार्जसाठी पाठवायला त्यांनी संमती दिली. वरून मंजुरी यायची आहे.

पुढच्या महिन्यात नव्या सुपरवायझरांचा वर्ग आहे. त्यात मी गोलमन यांचे पाच भाग शिकवीनच, ते कामाचे आहेत. पण पहिल्या तासाला सांगणार आहे ते असे. बढती हवी असेल तर माणसे ओळखायला शिका. ओळखल्यावर त्यांच्यासाठी स्वतःच्या पदरचे काहीतरी द्यायची तयारी ठेवा, आणि ते त्यांना गरज असेल त्या दिवशीच द्या. अशा माणसाच्या हाताखाली लोक टिकतात, शिकतात आणि अडचणीच्या पाळीला न बोलावता उभे राहतात. वर चढायला एवढे बळ पुरते.