नारायणगावचं कॅरेट आणि आमच्या परसातला काटा

गेल्या मे महिन्यात आठ दिवस नणंदेकडे नारायणगावला जाऊन आले. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध, जवळच खोडदला त्या आकाशाकडे तोंड केलेल्या अवाढव्य दुर्बिणी, आणि पलीकडे जुन्नरला शिवनेरी. पण मैत्रिणींनो, मी यातलं काहीएक पाहायला गेले नव्हते. मी पिशवीत एक चाळीस पानी वही घेऊन गेले होते, आणि त्या वहीवरून आमच्या घरात अबोला चालला होता.

त्याचं झालं असं. आमच्या परसात यंदा नोव्हेंबरात मी टोमॅटोची बारा रोपं लावली. सहा रोपवाटिकेतून आणलेली हायब्रीड, सहा सासूबाईंच्या गावठी बियाण्याची. हे बी त्यांच्या माहेरचं. दरवर्षी राखेत घोळून, पुरचुंडी बांधून ठेवायचं, हा त्यांचा नेम. मी शाळेत अर्धवेळ गणित शिकवते, तेव्हा म्हटलं, एकदा तोलूनच बघू. प्रत्येक तोड्याला वजन करून वहीत मांडलं. एप्रिलअखेर हायब्रीडचे भरले १८ किलो ६०० ग्रॅम, गावठीचे ९ किलो ६००. म्हणजे झाडाला तीन किलो शंभर आणि एक किलो सहाशे. मी जाहीर करून टाकलं, पुढच्या वर्षी गावठी बंद! सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुरचुंडी मात्र फडताळातून दिसेनाशी झाली.

नारायणगावच्या बाजारात पहाटे गेलं की नुसता लाल समुद्र. प्लास्टिकच्या क्रेटला तिथे सगळे 'कॅरेट' म्हणतात. एकात वीस किलो माल. २०२३च्या जुलैमध्ये याच कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला होता. त्याआधी २०२०च्या उन्हाळ्यात इकडच्या टोमॅटोवर रोग आला, फळं धड लाल ना पिवळी, लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिलं. कधी भावच पडला की तोडणीची मजुरीही निघत नाही. आपण भाजीवाल्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालतो ना, ते आठवून मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

वन्संचे यजमान मला शेतावर घेऊन गेले. बांबू रोवून तारा ओढलेल्या, त्यांना सुतळीनं बांधलेली झाडं, खाली मल्चिंगचा कागद आणि ठिबकची नळी. मी विचारलं, "दादा, माल किती निघेल हे आधी कसं ओळखता?"

ते बांधाकडच्या झाडांकडे बघेनात. म्हणाले, कडेच्या झाडाला ऊन-वारा जास्त, ते फसवतं. मधली दहा झाडं निवडायची, घोस मोजायचे. झाडाला वीस घोस, घोसाला पाच फळं, झाली शंभर. फळ ऐंशी ग्रॅमचं धरलं तर आठ किलो. त्यातून फुटकी, किडकी वजा करून सात धरायचे. "आणि फुलं मोजायची नाहीत हं वहिनी, लागलेलं फळच मोजायचं." मी गप्प! कारण जानेवारीत फुलं मोजूनच मी शेजारणींना झाडाला पाच किलोचा वायदा करून बसले होते. निम्मी फुलं गळून गेली.

मग मी वही काढली. त्यांनी पाहिली आणि एकच विचारलं, "झाडाला जागा किती दिली?"

हे मी मांडलंच नव्हतं! हायब्रीडला दोन-दोन फुटांवर, म्हणजे चार चौरस फूट. गावठीला उरलेल्या पट्टीत दाटीनं, जेमतेम दोन चौरस फूट. दाटीत दर झाडाचं फळ कमी होणारच. तिथेच बांधावर बसून भागाकार केला. हायब्रीड चौरस फुटाला ७७५ ग्रॅम, गावठी ८००! त्यांचा हिशोब एकरी दोन हजार कॅरेटचा, म्हणजे ४३,५६० चौरस फुटांत चाळीस हजार किलो, फुटाला नऊशेच्या थोडं वर. शेंगदाण्याची पेंड मी हायब्रीडलाच घातली होती, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

तुम्ही घरी मोजणार असाल तर दोन्ही जातींना सारखी जागा, सारखं ऊन, सारखं खत द्या. एकच तोडा तोलून निकाल लावू नका. हायब्रीड पुष्कळदा भराभर देऊन थांबतं, गावठी रेंगाळत देत राहतं. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, तोललं नाही तर तोडायचं नाही.

हे शेवटचं मला घरी आल्यावर कळलं. सासूबाईंजवळ वही उघडून चूक कबूल केली, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, हिरव्या टोमॅटोची चटणी तुम्ही हिवाळाभर खाल्लीत, ती कुठल्या झाडाची होती? ते कुठे लिहिलंयस?"

पुरचुंडी त्यांच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत होती. यंदा वहीत एक रकाना वाढवला आहे: 'आईंनी परस्पर तोडलेले'. काटाही स्वयंपाकघरातून उचलून परसदारी ठेवला आहे.